रिंगशी मस्करी नाही

ती सेटवर आली की लोक आधी आपापल्या चपला बघायचे. मागे एकदा तिनं युनिटमधल्या सगळ्यांची डावी चप्पल पळवून हिरोच्या व्हॅनिटीबाहेर ओळीनं लावली होती आणि वर पाटी, 'ऑडिशन चालू आहे, गोंधळ करू नये'. आणि तो वॉकीटॉकीचा किस्सा! प्रॉडक्शन मॅनेजरचा आवाज काढून ही बया बोलली, "जेवण वाढलंय." अख्खं युनिट पळालं. हिरो बिचारा दोरीला लटकलेला तसाच राहिला.

कमरेला कायम मोजपट्टीची डबी, म्हणून तिचं नाव पडलं टेप. वय वीस, काम कॅमेऱ्याच्या असिस्टंटचं, आणि डोक्यावर आत्या. आत्या म्हणजे साधीसुधी आत्या नव्हे, या सिनेमाची कॅमेरामन. बाई असली तरी सगळे कॅमेरामनच म्हणायचे आणि तिलाही ते चालायचं. पहिल्याच दिवशी आत्यानं भाचीला लेन्सवरची फोकसची रिंग दाखवून बजावलं होतं, "कार्टे, जगाशी मस्करी कर. माझ्याशी कर. या रिंगशी नाही. ही केसभर चुकली तर समोरच्याचा चेहरा पुसला जातो."

आणि खरंच, टेपनं सगळ्यांची खोडी काढली, रिंगची कधी नाही.

आता दुसरी. ती हिरोईनची जागा धरायची. म्हणजे लाइट लावायचे, कॅमेरा ठरवायचा, तोवर हिरोईन आत आरामात बसणार आणि तिच्या उंचीची ही पोरगी तिच्या जागी उभी. सगळं ठरलं की हिनं बाजूला व्हायचं आणि हिरोईननं यायचं. दिवसभर उभी, म्हणून नावच उभी. तिला कुणी "अगं उभी, बस की" म्हणालं की युनिट दर वेळी नव्यानं हसायचं.

प्रत्येक शॉटच्या आधी टेप पट्टीचं टोक उभीच्या डोळ्याखाली धरायची आणि फोकससाठी डोळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत अंतर मोजायची. अख्खा सिनेमा असा गेला. एकीच्या गालाशी दुसरीचा हात. पुढं काय होणार ते तुम्हाला कळलंच असेल, टेपला मात्र उशिरा कळलं. पण कळलं तसं तिनं लपवलं नाही. लपवण्याचा तिचा स्वभावच नव्हता.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी सकाळी, पट्टी धरल्या धरल्या ती म्हणाली, "हलू नकोस."

"मी कधी हलले? हलायचे पैसे हिरोईनला मिळतात."

"एक सांगू? मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही. त्या अर्थानं आवडतेस."

उभीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "कोण लपलंय? लाइटवाले काका, या बाहेर!"

शिडीवरून खरेखुरे लाइटवाले काका दचकले. "मी काय केलं गं?"

"अगं, देवाशपथ मस्करी नाही," टेप म्हणाली.

"नियमाच्या वेळीपण हेच म्हणाली होतीस."

नियमाची भानगड अशी, की उभी नवीन असताना टेपनं तिला सांगितलं होतं, मोजताना पापणी लवली तर माप चुकतं, तसा नियमच आहे. उभी बापडी डोळे ताणून उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या. लाइटवाल्या काकांना वाटलं पोरगी रडतेय. त्यांनी खुर्ची आणली, पाणी आणलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तो मुलगा तुझ्या लायकीचाच नव्हता."

'लांडगा आला रे आला'मधल्या पोराचं जे झालं, तेच आता टेपचं झालं होतं. उद्या उभी दुसऱ्या सिनेमाला, दुसऱ्या गावी जाणार. म्हणजे तिला खरं वाटायला हवं होतं ते आजच. आणि टेपचं खरं मानणारं माणूस साऱ्या युनिटमध्ये एकही नव्हतं.

त्यात दुपारी फोकसवाल्या दादाची कंबर धरली. आत्यानं भाचीकडे बघितलं. "रिंग तू धर. जमलं तर पुढच्या सिनेमात फोकस तुझा. नाही जमलं, तर बसा पुन्हा बॅटऱ्या चार्ज करत."

"जमेल," टेप म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

शॉट सोपा होता. बसस्टॉपचा सेट. हिरोईन बाकावरून उठते, चालत कॅमेऱ्याजवळ येते आणि म्हणते, "आता मी कुणासाठी थांबणार नाही." मागच्या फुटपाथवरून चार माणसं जातात. त्यातली एक बाई आली नव्हती, म्हणून असिस्टंट डायरेक्टरनं उभीच्या हातात पिशवी कोंबली. "तू चाल मागून. कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

"आज चालायचं? बढतीच झाली की!" उभी म्हणाली.

ॲक्शन झालं. हिरोईन उठली. टेपचा हात रिंगवर होता आणि तो हात इतके दिवस एकच चेहरा शिकला होता. हिरोईन पुढं आली, मागं उभी चालत निघाली, आणि हातानं मालकिणीला न विचारता रिंग फिरवली. मॉनिटरवर हिरोईन लोणी वितळावं तशी विरघळली. मागची पिशवीवाली मात्र लख्ख. इतकी लख्ख, की पिशवीच्या बंदाचा उसवलेला टाका दिसत होता.

"कट!" डायरेक्टर ओरडला. आणि मग तो मांडीवर थाप मारून खो खो हसायला लागला. "झाली एकदाची! सकाळपासून वाट बघतोय मी. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, ही खोडी काढल्याशिवाय राहते कसली!"

युनिट हसलं. टाळ्या वाजल्या. हिरोईनपण हसली. तिकडं फुटपाथवर पिशवी हलवत उभीही हसली.

एकटी आत्या हसली नाही. ती भाचीकडे बघत होती.

आयती सुटका चालून आली होती हो. कमरेत वाकून एक सलाम ठोकायचा, संपलं. ना ओरडा, ना नारळ. दुसरं कुणी असतं तर सलाम ठोकून मोकळं झालं असतं. टेपनं रिंगवरचा हात काढला आणि ताठ उभी राहिली.

"मस्करी नव्हती," ती म्हणाली.

"चल गं," डायरेक्टर म्हणाला.

"खरंच नव्हती. आत्याला विचारा, रिंगशी मी मस्करी करत नाही. हात चुकला. अख्खा सिनेमा मी तिच्या चेहऱ्यावर मापं घेतलीत. आज पहिल्यांदा ती फ्रेममध्ये आली, आणि हात तिच्याकडे गेला." मग सगळ्यांच्या डोक्यावरून तिनं फुटपाथकडे बघितलं आणि आवाज चढवला. "सकाळी सांगितलं ते हेच होतं!"

हसू एकेक करत विझलं. शिडीवरून काका पुटपुटले, "अरे देवा, म्हणजे मी मुलगा समजत होतो तो..."

"काका, लाइट बघा," आत्या म्हणाली. मग भाचीकडे वळली. "चूक आहे ना? मग दुरुस्त कर. एक टेक. एकच."

असिस्टंट डायरेक्टर म्हणाला, "मागून ती पिशवीवाली काढू का?"

"काढायची नाही," टेप म्हणाली. "ती समोर असताना जमलं, तरच जमलं म्हणायचं."

आत्याला मिशा असत्या, तर त्या मिशांत ती हसली असती.

पुन्हा ॲक्शन. हिरोईन उठली. मागं कुणीतरी पिशवी घेऊन चाललं होतं, धूसर, कुणीही असावं तसं. टेपचा हात अलगद फिरला. हिरोईन पावलागणिक जवळ आली आणि शेवटच्या शब्दापर्यंत तिची पापणीन् पापणी मोजून घ्यावी इतकी साफ राहिली.

"ओके!" डायरेक्टर म्हणाला. आत्या फक्त एवढंच बोलली, "पुढच्या सिनेमाला वेळेवर ये." तेवढ्यानं टेपची छाती फुगली, पण अर्धीच.

पॅकअप झालं. वायरी गुंडाळल्या गेल्या, बसस्टॉपचं छत दोघांनी उचलून नेलं. टेप बाकावर लेन्स पुसत बसली होती. उभी आली आणि शेजारी चक्क बसली.

"काय ओरडलीस मघाशी? मला नीट ऐकू आलं नाही."

"मला तू आवडतेस म्हणाले."

"लांब होते गं. पुन्हा म्हण."

"आवडतेस!"

"इकडच्या कानानं कमी ऐकू येतं. एकदाच."

टेपनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्या लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला खेळवत होतं.

"तुला सगळं ऐकू आलं होतं!"

"शब्द न् शब्द." उभीनं तिच्या कमरेची डबी काढून घेतली आणि पट्टी ओढली. "आणि तो नियम. पापणी लवायची नाही म्हणे. असला नियम कुठं असतो का गं? मला त्याच मिनिटाला कळलं होतं."

"मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर कशाला बघत राहिलीस?"

"तू समोर होतीस म्हणून."

उभीनं पट्टीचं टोक टेपच्या डोळ्याखाली टेकवलं, डबी आपल्या गालाशी धरली आणि पट्टी हळूहळू आत जाऊ दिली. अंतर कमी होत गेलं.

"एवढ्या जवळ फोकस लागत नाही," टेप कशीबशी म्हणाली. "लेन्सला मर्यादा असते."

"असू दे लेन्सला."

उभीचा चेहरा पुसट झाला. मघाशी ज्यापायी नोकरी जायची वेळ आली होती, तेच आता पुन्हा झालं. फक्त या वेळी कट म्हणायला कुणी नव्हतं.

"कार्टे!" कॅमेऱ्याच्या गाडीपाशी पाठ करून उभ्या असलेल्या आत्यानं, मुद्दाम वळून न बघता, हाक मारली. "बॅटऱ्या!"

"आले!" टेप ओरडली. आणि गेली नाही.