मिसेस नको, नाव लिहा

नगर कारकून टटल यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि अर्जाचा गठ्ठा ऑगस्टा पेलच्या पुढ्यात सरकवला. चव्वेचाळीस सह्यांवर काट मारलेली होती, तीही अगदी पट्टी लावून.

"या सह्या बाद आहेत, मिस पेल," ते म्हणाले.

"का म्हणून?"

"ही बघा. 'मिसेस ऑटो केसलर'. मतदारयादीत अशी कुणी व्यक्ती नाही. यादीत विल्हेल्मिना केसलर आहे. सहीत बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. नवऱ्याचं नाव लिहिलं तर ती सही नवऱ्याची की बायकोची, हे मी कसं ठरवायचं?"

"मिसेस लिहिलंय ना पुढे. ऑटो केसलरला दाढी आहे, टटलसाहेब. तो स्वतःला मिसेस कशाला म्हणवून घेईल?"

"कायद्यात दाढीचा उल्लेख नाही," टटल म्हणाले आणि बरणीतली लोणच्याची काकडी काढून कुरकुर खाऊ लागले.

ऑगस्टाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळा नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी ती या अर्जापायी हॅलोवेल गावात वणवण हिंडली होती. दिवसभर शाळेत पाचवीला भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी चिखल-बर्फ तुडवत दारोदार जायचं. अर्जातली मागणी साधी होती. गावात दूध तपासणारा माणूस नेमायचा की नाही, हे एप्रिलच्या निवडणुकीत लोकांना विचारा. नगरसभेने हा प्रश्न तीनदा उडवून लावला होता, कारण नगरसभेतल्या दोघांचे स्वतःचे गोठे होते. पण तीनशे मतदारांनी सही करून मागितलं तर प्रश्न मतपत्रिकेवर घ्यावाच लागे. आणि गेल्या उन्हाळ्यात इलिनॉय राज्याने बायकांना गावच्या निवडणुकीत मताचा हक्क दिल्यापासून बायकांची सहीही धरली जात होती. धरली जात होती म्हणजे, अशी.

तीनशे एकतीस सह्या होत्या. चव्वेचाळीस गेल्या. राहिल्या दोनशे सत्त्याऐंशी.

"नवीन सह्या चालतील?"

"मुदत काल संपली. काट मारलेल्यांनी त्याच ओळीत दुरुस्ती केली तर चालेल. आज पाचपर्यंत." टटल यांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. "आणि आणखी एक. मंजूर झालेली यादी दहा दिवस नगरभवनाच्या दारावर लागते. नंतर कुणी कुरकुर करायला नको, म्हणून आधीच सांगतो."

तेरा बायका हव्या होत्या. फक्त तेरा. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऑगस्टा गठ्ठा छातीशी धरून बाहेर पडली आणि पहिली गेली ती सख्ख्या बहिणीकडे. काट मारलेल्या नावांत सर्वांत वर होतं, मिसेस एडविन रासमुसेन.

लिओना स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होती. तिला आठवा लागला होता, पोट टेबलाला टेकत होतं.

"तूसुद्धा?" ऑगस्टाने गठ्ठा टेबलावर आपटला. "अगं, माझ्या समोर बसून सही केलीस तू. मी आंधळी होते की काय त्या दिवशी?"

"सगळ्याजणी तशाच करत होत्या, गसी. मिसेस विकहॅमनीच तर महिला क्लबच्या सभेत सांगितलं होतं. म्हणाल्या, भेटकार्डावर असतं तसं नीट नाव लिहा, क्लबची शोभा राहिली पाहिजे."

"शोभा," ऑगस्टा म्हणाली.

लिओनाने हात पुसले, काट मारलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत 'लिओना रासमुसेन' लिहिलं आणि ते जरा वेळ बघत राहिली. "किती वर्षांनी लिहिलं. डॉक्टरकडे मिसेस एडविन, दुकानात मिसेस एडविन. बाळाच्या थडग्याच्या दगडावरसुद्धा काय आहे, माहितीय ना? 'एडविन रासमुसेन यांचा मुलगा'. मी जशी वाटेने जाता जाता भेटले होते त्याला."

ऑगस्टाने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. ते बाळ गेल्या ऑगस्टमध्ये गेलं, चार महिन्यांचं होऊन. तीन दिवस जुलाब आणि चौथ्या दिवशी संपलं. दूध नगरसभेतल्या होग यांच्या गोठ्यातलं होतं, निळसर आणि पातळ, पण खराब होतं हे सिद्ध करायला तपासणारा माणूस कुठे होता? आता दुसरं मार्चमध्ये येणार होतं. लिओनाला पहिल्या वेळी दूध पुरलं नव्हतं, यावेळी पुरेल याची हमी कोण देणार? एप्रिलची निवडणूक हुकली की पुढची वर्षभराने. म्हणजे मध्ये आणखी एक ऑगस्ट येणार होता.

"पुरे आता, जा," लिओना म्हणाली. "बारा राहिल्या."

पुढच्या चार तासांत ऑगस्टाच्या नाकी नऊ आले. मिसेस प्रेंटिस म्हणाल्या, "पहिलं नाव? अहो, पहिल्या नावाने आम्ही मोलकरणीला हाक मारतो." त्यांची समजूत काढता काढता अर्धा तास गेला. डॉक्टरीणबाईंनी आधी टेलिफोनवर नवऱ्याला विचारलं, नवरा ऑपरेशनमध्ये होता, मग त्यांनी सासूला विचारलं. सासू बहिरी होती. एका बाईने मोठ्या उत्साहाने लेखणी बुडवली आणि लिहिलं 'मिसेस कॉर्नीलिया अँबर्ग', आणि तो मिसेस खोडताना शाईचा एवढा डाग पडला की नावच बुडालं, ते पुन्हा बाजूला लिहावं लागलं. आणखी एकीने सांगितलं की सही आनंदाने करीन, पण नाव दारावर लागणार असेल तर नको, नवरा काय म्हणेल. ऑगस्टा म्हणाली, "नवऱ्याचंच नाव लावायला निघाला होतात की तुम्ही." पण त्या बाईने दार लावून घेतलं होतं.

ऑगस्टाला लग्न न केल्याचा कधी एवढा आनंद झाला नव्हता. पेल म्हणजे पेल. जन्मली तेव्हाही तेच आणि मरेल तेव्हाही तेच. या बायका हुशार होत्या, चांगल्या होत्या, दुधासाठी जीव टाकत होत्या, आणि स्वतःचं नाव सांगताना मात्र कुणी उघडं पाडल्यासारख्या लाजत होत्या. काय म्हणावं यांना?

सव्वाचार वाजता बारा झाल्या. बाकीच्या एकतर घरी नव्हत्या किंवा दार उघडत नव्हत्या. उरल्या मिसेस थिओडोर विकहॅम, महिला क्लबच्या अध्यक्षा. त्यांचं घर टेकडीवर होतं, आणि त्यांचं पहिलं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. रुमालावर एस हे अक्षर भरलेलं असे. काहीजणी म्हणत सुसॅना, काहीजणी सोफ्रोनिया.

"अशक्य," मिसेस विकहॅम म्हणाल्या. त्या बैठकीच्या खोलीत ताठ बसल्या होत्या, हातात चहाचा कप. "मी एकवीस वर्षं या गावात मिसेस थिओडोर विकहॅम म्हणून वावरले. तशीच राहीन."

"तुमच्याच सांगण्यावरून चव्वेचाळीस सह्या गेल्या, बाई. तेवढ्या गेल्या नसत्या तर मी तुमच्या दारात आले नसते."

"शिष्टाचार म्हणून सांगितलं मी."

"शिष्टाचार?" ऑगस्टाचा आवाज चढला. पाचवीतल्या पोरांवरही तो कधी एवढा चढत नसे. "तुम्हाला तुमचं नाव लिहायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच लिहू दिलं नाहीत. एवढंच आहे ना? माझ्या बहिणीचं बाळ गेलं, तेव्हा तुम्ही फुलं पाठवलीत. यंदाही पाठवाल. त्यापेक्षा सही स्वस्त पडेल."

मिसेस विकहॅमनी कप खाली ठेवला. मग त्यांनी लेखणी मागितली, पाठ फिरवून लिहिलं, वर टिपकागद दाबला आणि गठ्ठा मिटून दिला. "वाचू नका," त्या म्हणाल्या. "मोटार काढायला सांगते. चालत वेळेत पोचणार नाही तुम्ही. मी मोटारीतच बसेन."

नगरभवनात ऑगस्टा पोचली तेव्हा पाचला नऊ मिनिटं कमी होती. शेगडीभोवती चारपाच माणसं तंबाखू चघळत बसली होती. त्यांत नगरसभेचे होगही होते, तेच, गोठेवाले. टटल यांनी शांतपणे एकेक ओळ यादीशी ताडून पाहिली. दोनशे अठ्ठ्याण्णव. दोनशे नव्याण्णव. मग ते थांबले आणि त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

"हे काय? सहीच्या जागी 'सबमिट' कुणी लिहिलं? अर्ज सबमिट करायचा हे मला कळतं, मिस पेल. असल्या सूचना सहीच्या ओळीत लिहायच्या नसतात." आणि त्यांनी काट मारली.

"थांबा," ऑगस्टा म्हणाली. तिने वाकून पाहिलं. नीटस, जुन्या वळणाचं अक्षर होतं. सबमिट विकहॅम. "यादीत बघा ना."

"यादीत फक्त 'एस. विकहॅम' आहे. एस म्हणजे हे, असं कोण शपथेवर सांगणार? हे काय माणसाचं नाव आहे?"

पाचला पाच मिनिटं होती. ऑगस्टा पायऱ्यांवरून जवळजवळ घसरतच खाली गेली आणि मोटारीच्या काचेवर तिने मूठ आपटली. "आत या. आत्ता. हे नावच नव्हे म्हणतोय तो."

मिसेस विकहॅम आत आल्या. होग उठून उभे राहिले, बाकीच्यांनी टोप्या काढल्या. त्या थेट टटल यांच्या टेबलापाशी गेल्या.

"ते माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. आवाज खालचा होता, पण खोलीभर ऐकू गेला. "आमचे वडील कनेक्टिकटचे, धर्माचे फार कडक. चार मुली झाल्या. पेशन्स, सायलेन्स, थँकफुल आणि मी. सबमिट. मुकाट्याने नमून राहा, असा अर्थ. शपथ कुठे घ्यायची ते सांगा."

शेगडीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. होग यांनी ओठ दाबले आणि तरी म्हणालेच, "नाव वडिलांनी विचार करून ठेवलेलं दिसतं, मिसेस विकहॅम. पाळायचं तेवढं राहून गेलं."

"त्याचं उत्तर तुम्हाला एप्रिलमध्ये मिळेल," मिसेस विकहॅम म्हणाल्या आणि टटलकडे वळल्या. "शपथ."

त्यांनी शपथ घेतली. टटल यांनी काट खोडली, बाजूला आपली आद्याक्षरं घातली आणि तीनशेचा आकडा लिहून शिक्का मारला. मग पोच लिहायला घेतली. 'मिसेस थिओडोर विकहॅम व इतर यांच्याकडून अर्ज मिळाला.'

ऑगस्टाने डोळे मिटून घेतले. ओरडायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"टटलसाहेब," मिसेस विकहॅम म्हणाल्या, "ही कोण बाई आहे ते मला माहीत नाही. पुन्हा लिहा."

शनिवारी यादी नगरभवनाच्या दारावर लागली, आणि सकाळपासून बायकांची तिथे रीघ लागली. वीस वर्षं एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलेल्या मिसेस केसलर आणि मिसेस प्रेंटिस दोघींचंही नाव विल्हेल्मिना निघालं, आणि त्या दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मिसेस विकहॅमच्या नावापाशी पुरुष थांबत, हसत आणि पुढे जात. मिसेस विकहॅम दोनदा तिथून गेल्या, मान ताठ ठेवून. त्यांना दुसरा रस्ता नव्हता असं नाही.

दुपारी लिओना आली, ऑगस्टाचा हात धरून, एकेक पायरी चढत. एवढ्या थंडीत कशाला निघालीस म्हणून ऑगस्टा वाटभर तिला बोलत होती. लिओनाने सगळी यादी वरून खाली वाचली. आपल्या नावापाशी आल्यावर हातमोजा काढला आणि त्यावरून बोट फिरवलं.

"गसी," ती म्हणाली, "पाथरवटाला विचारशील का? बाळाच्या दगडावर एडविनच्या नावाशेजारी अजून एका नावापुरती जागा आहे का?"