बारावं पान

नासानेरी किसुलेने ते वाक्य सकाळपासून तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा मोडलं. नव्या राज्यघटनेचा बाकीचा मसुदा त्याने महिनाभरात हातावेगळा केला होता. लुकिको या राजसभेत किती सभासद असावेत, मंत्री कोणी नेमायचे, गव्हर्नरने कुठे सही करायची, हे सगळं इंग्रजीतून आपल्या लुगांडा भाषेत आणताना त्याच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नव्हती. तीस वर्षं मिशनच्या शाळेत व्याकरण घोटवलेला माणूस तो. पण बाराव्या पानावर इंग्रजी मसुद्यात सरळ लिहिलं होतं की काबाका, म्हणजे राजा, मरण पावल्यास तिघांचं मंडळ कारभार पाहील आणि लुकिको नवा काबाका निवडेल.

काबाका मरण पावतो, असं आपल्या भाषेत कोणी म्हणतं का? बाप मरतो, बैल मरतो, गव्हर्नरसुद्धा मरतो. काबाकाचा फक्त विस्तव विझतो. राजवाड्याच्या दाराशी जी धुनी पेटती असते ती त्या दिवशी विझवतात, आणि लोक एकमेकांना तेवढंच सांगतात, तेही खाली बघून. त्यात आता काबाकाला इंग्रज सरकारने विमानात घालून विलायतेला नेल्याला वर्ष होत आलं होतं. त्या दुःखात पुरुषांनी दाढ्या करणं सोडलं होतं, बायका झाडाच्या सालीची वस्त्रं नेसून फिरत होत्या. ही नवी घटना लुकिकोने मान्य केली तरच राजा परत येणार, असं सगळे धरून चालले होते. आणि त्याच घटनेत राजाच्या मरणाचं कलम नासानेरीच्या हाताने लिहायचं होतं.

त्याने लिहिलं तर बरोबरच. अकराव्या पानाचा शेवटचा शब्द होता ‘ज्या वेळी’, आणि बाराव्या पानाची सुरुवात होती, ‘काबाकाचा विस्तव विझला, त्या वेळेपासून...’ मग पान काढून, लाल शाईने अक्षरं दुरुस्त करून तो खुर्चीत मागे टेकून वाचायला लागला आणि त्याच्या डोळ्यांसमोर म्हातारा मुतेसासिरा आला. मुतेसासिरा लुकिकोतला सगळ्यात जुना सभासद. पांढरी दाढी छातीपर्यंत, हातात काळी काठी, आणि ती काठी नुसती टेकायला नसते हे राजधानी मेंगोतल्या कारकुनांना पाठीवरून ठाऊक होतं. राजा परदेशात अडकलेला, आणि हा मास्तर भर सभेत त्याचा विस्तव विझवणार! गेल्याच महिन्यात एका कारकुनाने दाढी केली एवढ्याच रागावर लोकांनी त्याची केळीची बाग आडवी केली होती.

नासानेरीने बारावं पान चुरगळून टोपलीत टाकलं आणि नवा कागद चढवला. ‘काबाका देशात नसेल, त्या वेळेपासून...’ मऊ शब्द. कोणाला टोचणार नाही. त्याला हायसं वाटलं, आणि जेवणाआधीच तो मसुदा घेऊन मेंगोच्या कचेरीत पोचला.

कचेरीत गव्हर्नरच्या एंटेबेहून आलेला तरुण इंग्रज साहेब बसला होता. हा साहेब लुगांडा इतकी चांगली बोलायचा की त्याच्यासमोर कुजबुजायचीही सोय नव्हती. तो एकेक पान शांतपणे वाचत गेला आणि बाराव्या पानावर थांबला. मग हसला.

“मास्तर, हे छान केलंत. ‘देशात नसेल.’ फार सभ्य शब्द आहे.”

“हो, साहेब. इंग्रजीतला शब्द आमच्याकडे बोलता येत नाही.”

“कळतं मला.” साहेबाने पान बोटाने नीट केलं. “आता मला सांगा, काबाका सध्या कुठे आहेत?”

“विलायतेत.”

“म्हणजे देशात नाहीत.”

 साहेबाने मसुदा छापणाऱ्याकडे दिला, एक प्रत स्वतःच्या बॅगेत टाकली आणि चहा मागवला.  कलमाचा अर्थ नासानेरीला आत्ता दिसला. काबाका देशात नसेल तेव्हा तिघांचं मंडळ कारभार पाहील आणि लुकिको नवा काबाका निवडेल. म्हणजे येत्या सोमवारी लुकिकोने मसुद्याला हात वर केले की मंगळवारी सरकार म्हणणार, नाहीच आहे तुमचा राजा देशात, निवडा दुसरा. आणि हे गव्हर्नरने लिहिलेलं नव्हतं. नासानेरीने स्वतः लिहिलं होतं, घाबरून, जेवणाआधी.

तोंड उघडायला हवं होतं. ‘साहेब, एक पान बदलायचंय’, एवढंच. पण साहेब कपावरून त्याच्याकडे बघत होता. दोन जणांना सरकारने नुसतं पत्रक वाटल्यावरून उत्तरेकडच्या उजाड मुलखात हद्दपार केलं होतं. नासानेरी वाकून नमस्कार करून बाहेर पडला.

घरी आल्या आल्या त्याने टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. यंत्राशेजारी कार्बनच्या प्रती होत्या, अकरावं पान होतं, पण चुरगळलेलं बारावं नव्हतं. मागच्या अंगणात भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास होता. युनिया, त्याची बायको, दर शुक्रवारी कात्वेच्या बाजारात शेंगदाणे विकायला बसायची, आणि पुड्या बांधायला त्याचेच रद्दी कागद न्यायची. आज शुक्रवारच होता. पंधरा वर्षं हे चाललं होतं आणि त्याने कधी विचारही केला नव्हता.

तो दारात असतानाच शेजारची नाबुकेन्या धापा टाकत आली. “मास्तर, पळा! युनियाला लोकांनी धरून ठेवलंय. तिच्या पुडीत कागद निघाला. त्यावर लिहिलंय...” तिने तोंडावर हात ठेवला. “विस्तव विझला म्हणून लिहिलंय. खरं का हो? आपल्या राजाला मारलं का तिकडे?”

“नाही गं बाई! कोण म्हणतं?”

“सगळा बाजार म्हणतोय. बायका धाय मोकलून रडतायत. म्हणतात, मेंगोला कधीचं कळलंय, लपवून ठेवलंय.”

नासानेरीने अकरावं पान उचललं आणि निघाला. वाटेत दोनदा त्याला वाटलं, परत फिरावं, चर्चमध्ये जाऊन पाद्र्याच्या मागे लपावं. पाय मात्र बाजाराकडे चालत होते, कारण तिथे युनिया होती.

युनिया आपल्या चटईवर बसली होती. शेंगदाणे मातीत सांडले होते, आणि वीसेक दाढीवाले बाप्ये तिच्याभोवती उभे होते. त्यामागे आणखी शंभर असतील. सायकली दुरुस्त करणारा वालुसिम्बी पुढे होता, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात तो कागद.

“शेवटचं विचारतो, ताई. कागद कुठून आणलास?”

“रस्त्यात पडला होता,” युनिया म्हणाली.

“रस्त्यात? आणि हे लाल शेपूट कोणाचं?” त्याने कागद नाचवला. कचेरीने नासानेरीला घरी दिलेल्या टाइपयंत्रावर ‘ङ’चं अक्षर नव्हतं. नासानेरी साधा ‘न’ टाइप करून त्याला लाल शाईने हाताने शेपूट काढायचा. अर्ध्या कात्वेला त्यानेच लिहायला शिकवलं होतं. ते शेपूट वालुसिम्बीने वहीत हजारदा पाहिलं होतं, पण युनियाच्या तोंडून नाव निघाल्याशिवाय त्याला ते खरं मानायचं नव्हतं.

“माझं आहे,” नासानेरी म्हणाला.

गर्दी वळली. 

“मास्तर?” वालुसिम्बीने कागद खाली घेतला. “तुम्ही? तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात?”

“राजा जिवंत आहे. हे आधीचं पान बघ. शेवटचा शब्द वाच. मोठ्याने वाच, शाळेत वाचायचास तसा.”

वालुसिम्बीने कागद जोडून धरले. “ज्या वेळी,” त्याने वाचलं. मग थांबून, “काबाकाचा... म्हणजे हे पुढचं आहे? कधीतरी होईल तेव्हाचं?”

“कायदा आहे तो.”

“राजा परक्या देशात, आणि तुम्ही त्याच्या विझण्याचा कायदा करताय?” मागून कोणीतरी ओरडलं. “जीभ झडली नाही?”

गर्दी पुढे सरकली. पाना वर उचलला गेला. आणि मरणाच्या भीतीने नासानेरीच्या तोंडून ते निघालं जे त्याने कचेरीत बोलायला हवं होतं.

“अरे ऐका! दुसरा शब्द लिहिला तर राजा जाईल! ‘नाही’ लिहिलं, ‘गेला’ लिहिलं, तर सरकार म्हणेल आत्ताच नाही तो, बसवा दुसरा. विस्तव लिहिला तर कोणाची टाप नाही. धुनी पेटती आहे ना दाराशी? जा, बघून या! ती पेटती आहे तोवर या कलमाने कोणाला गादीला हात लावता येत नाही. म्हणून लिहिलाय तो शब्द!”

 पाना खाली आला. वालुसिम्बीने कागद छातीशी धरून नीट घडी केली.

“म्हणजे सोमवारी सभेत हेच वाचणार?”

युनिया नवऱ्याकडे बघत होती. नासानेरीला खरं सांगता आलं असतं. पण शंभर चेहरे होते.

“हो,” तो म्हणाला. “हेच.”

“मग आम्ही येतो ऐकायला. सगळे येतो.”

घराकडे चालताना त्याने युनियाला सगळं सांगितलं. ती वाटेतच थांबली.

“अहो, वीस बाप्ये माझ्या डोक्यावर उभे होते, तरी तुमचं नाव सांगितलं नाही मी. आणि तुम्हाला एक शब्द नाही धरून ठेवता आला?”

“भीती वाटली गं.”

“मला काय गंमत वाटत होती तिथे?” ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत बोलली नाही.

शनिवारी तो कचेरीत गेला. छापलेल्या प्रती सभासदांच्या घरी पोचल्या होत्या. एकोणनव्वद प्रती, आणि सगळ्यांत त्याचा तो मऊ शब्द. रविवारी चर्चमध्ये त्याने काय प्रार्थना ऐकली ते त्याला आठवत नव्हतं. युनियाने केळ्यांचा उकडलेला गोळा आणि शेंगदाण्याची आमटी पुढे ठेवली, तेही त्याने तसंच सरकवलं.

सोमवारी सकाळी लुकिकोच्या खिडक्या दाढ्यांनी भरल्या होत्या. वालुसिम्बी सगळ्यात पुढे. समोर काबाकाची रिकामी खुर्ची, बाजूला साहेब, मांडीवर प्रत उघडून. मसुदा वाचायचं काम नासानेरीचंच होतं. पहिली दहा पानं त्याने कशी वाचली कोण जाणे. सभासद आपापल्या कागदावर बोट फिरवत होते. मुतेसासिराने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली होती.

अकरावं पान संपलं. “ज्या वेळी...” नासानेरी वाचून थांबला.

छापलेलं वाचलं तर खिडकीतले लोक त्याला इथेच फाडणार. दुसरं वाचलं तर साहेब. आणि म्हातारा मुतेसासिरा तर दोन्हीकडून.  पण त्या क्षणी नासानेरीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती समोरच्या खुर्चीची. त्या खुर्चीत दुसराच कोणी बसलेला त्याला दिसला, आणि त्याला बसवणारं वाक्य स्वतःचंच.

“...काबाकाचा विस्तव विझला,” तो म्हणाला, “त्या वेळेपासून.”

 बोटं थांबली. साहेबाने मान वर केली.

“मास्तर, कागदावर तसं नाही.”

“नाही, साहेब.” नासानेरीने कागद खाली ठेवला. “वाचलं ते बरोबर आहे. लिहिलेलं चुकलं. मी भिऊन लिहिलं.”

मुतेसासिरा उठला. काठी टेकत टेकत तो सगळं सभागृह ओलांडून आला. नासानेरीने डोळे मिटले आणि खांदे आवळले. काठी पडली नाही. डोळे उघडले तेव्हा म्हाताऱ्याने आपली प्रत आणि पेन्सिलीचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला होता.

“बोललास ते लिही,” म्हातारा म्हणाला.  “चुकीचं खोड आणि तुझ्या हाताने लिही. आम्हा कोणाला हा शब्द लिहायचा धीर नाही.”

नासानेरीने लिहिलं. मुतेसासिराच्या मागे दुसरा सभासद येऊन उभा राहिला होता, त्याच्या मागे तिसरा. रांग दारापर्यंत गेली. एकोणनव्वद वेळा त्याने काबाकाचा विस्तव विझवला. दर वेळी सभासद खाली बघायचा. खिडकीत कोणीतरी हुंदके देत होतं. शेवटची प्रत परत केली तेव्हा त्याच्या बोटांना शिसं माखलं होतं.

मग तो स्वतःच्या पायाने साहेबापर्यंत गेला. हात पुढे केला.

“साहेब, तुमची प्रत. दुरुस्त करून देतो.”

साहेबाने खिडक्यांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग बॅग उघडली, प्रत आत ठेवली आणि कुलूप लावलं.

“माझी राहू द्या,” तो अगदी शुद्ध लुगांडात म्हणाला. “मला ही जुनीच आवडते.”

बाहेर त्याची गाडी सुरू झाली. नासानेरी पेन्सिल धरून तसाच उभा होता. एकोणनव्वद कागद बरोबर होते, आणि एक एंटेबेच्या रस्त्याला लागला होता.