वाळ्याच्या टट्टीमागचं चौतीस

वैमानिक भगवंतरावांचा कॉम्प्युटर म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची चकती. धावपट्टीची उंची आणि हवेचं तापमान तिच्यावर फिरवून जुळवलं, की विमान किती ओझं घेऊन उठेल याचा अंदाज येई. पण अकोल्याच्या मे महिन्यात ती उन्हात राहिली तर वाकायची, अडकायची. बासष्ट साली मी अमरावतीहून बी.एस्सी. होऊन या धावपट्टीवर हवामानाच्या नोंदी घ्यायला आले, तेव्हाच चौकीदार नबीभाईंना सांगितलं होतं, "साहेब उतरले की चकती खिडकीतल्या ओल्या वाळ्याच्या टट्टीमागे, गारव्याला ठेवत जा."

त्या दुपारी विमान रिकामंच नागपूरला परतणार होतं. नबीभाईंच्या बायकोला, हमिदाभाभीला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते. सातवा महिना. आजच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पण गाडीचे धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दोघंही चला," भगवंतराव म्हणाले.

"हे असतील तरच बसीन," भाभी म्हणाली. "एकटी नाई चढत मी त्या डब्यात."

चकती उचलताना मी शेजारचा थर्मामीटर घाईत पाहिला. चौतीस. चकती फिरवली, दोघं बसत होती. नबीभाईंचा चेहरा खुलला.

बाहेर पाऊल टाकलं तर चपलेतून चटका बसला. चौतीस कसं?

"नबीभाई, थर्मामीटर कोणी हलवला?"

"म्याच, ताई. चकतीले ऊन सोसत नाई म्हन्लं ना तुमी? हा त काचेचा बिचारा. दोघाईले संगच ठेवलं टट्टीमागं."

 मी थर्मामीटर बाहेरच्या हवेशीर पेटीत टांगला. पारा चव्वेचाळीसवर जाऊन थांबला. हवा तापून विरळ झालेली; हजार फुटांवरची आमची धावपट्टी आता विमानाला पाच हजार फुटांवरची वाटणार होती. पेट्रोलही नागपूरपुरतंच होतं; ओझं कमी करायला काढण्यासारखं काही नव्हतं.

"एकच," भगवंतराव हळू म्हणाले. "आणि ऊन उतरेपर्यंत थांबताही येणार नाही. अंधारात उतरायची परवानगी नाही मला."

"मंग मी नाई जात," म्हणत भाभी बाकावर बसली.

नबीभाई तिच्याजवळ उकिडवे बसले. "अवं, रातच्या गाडीनं येतो ना मी. सकाळी तुह्या उशाशी."

"मागं ताजबागेच्या उर्सात हरपले होते तुमी नागपुरात!"

"दवाखाना ताजबागेएवढा मोठा नसते."

तिला हसू आलं. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ताई, वर सूर्य जवळ येते. अजून तपत असंल ना?"

"उलट. हजार फूट चढलं की दोन-तीन अंश कमी होतात. वर बरं वाटेल तुम्हाला."

"म्हंजे चिखलदराच!" ती नवऱ्याला म्हणाली. "लग्न झालं तवापासून नेतो म्हन्ता. आता मी एकटीच चालली."

नबीभाईंनी तिला कोपराला धरून चढवलं, पट्टा पोटाखालून घेतला आणि बोट घालून सैल केला. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला उठलं, बाभळींवरून जेमतेम गेलं, आणि मग चढत राहिलं.

ठिपका दिसेनासा झाला तरी ते तिथंच उभे होते.

"ताई, आता थंडं लागून राहिलं असंल तिले?"

"थोडं असेल."

"शाल द्याले पाह्यजे होती," ते म्हणाले, आणि चव्वेचाळीस अंशांत आतली शाल शोधायला धावले.