बैठकीत मिटवलेली चोरी

टेम्पोवाल्याने पंप दुकानात आणून टाकला आणि संध्याकाळपर्यंत जळालेली मोटार नव्या तारेने भरून दे म्हणाला. मोटार भरणाऱ्याने झाकण काढलं आणि त्याचा हात थांबला. तारेच्या वळशांवर बांधलेली दोऱ्याची गाठ त्याच्याच हातची होती. त्यानेच भरून दिलेला, महिन्यापूर्वी शाळेच्या विहिरीवरून चोरीला गेला, तोच हा पंप.

तो चौकीवर निघाला तर वडिलांनी अडवलं. घरचं धुणं बाहेर कशाला, चार शहाणी माणसं मेली नाहीत अजून, असं त्यांचं म्हणणं. या गावात चोरी असो नाहीतर मारहाण, ती बैठकीतच मिटते. तक्रारदार आणि चोर समोरासमोर बसतात, चोर हात जोडतो, चहा होतो. याला समजूतदारपणा म्हणायची पद्धत आहे. खरं तर चोराला तक्रारदाराचा पत्ता देतात, तोही चहा पाजून.

बैठकीत पंप ओळखणारा म्हणून मुलाचं नाव वडिलांनीच घेतलं. टेम्पोवाल्याने हात जोडले, चहा संपवला आणि उठताना मुलाला, बघून घेईन तुला, म्हणाला. सात जणांनी ऐकलं. एकजण हसलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी दुकानातच टेम्पोवाल्याने मुलाला पान्याने मारून टाकलं. समोर न्हावी दाढी करत होता, शेजारी गिरणी चालू होती. पोलीसबाई पोचेपर्यंत आळीतल्या बायकांनी फरशी धुऊन काढली होती. त्याची ती दशा परक्यांनी बघू नये म्हणून. मनाने चांगल्याच त्या. पुरावा मात्र गटारात गेला. न्हावी म्हणाला, माझी मान खाली होती. गिरणीवाला म्हणाला, घरघरीत काय ऐकू येणार.

आठ दिवसांनी सून सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"आबा, ह्यांचं नाव सांगायला तुम्हाला किती वेळ लागला होता?"

म्हाताऱ्याने पुढ्यातली चहाची कपबशी बाजूला सारली.

"मग त्या टेम्पोवाल्याचं सांगायला एवढे दिवस का लागतायत?"

"गाव तोडेल आपल्याला, पोरी."

"तोडायला राहिलंय काय?"

म्हाताऱ्याने चपला शोधल्या. दोघं आळीतून गेली तेव्हा न्हाव्याचा वस्तरा क्षणभर थांबला. तो पायरी उतरला नाही.

चौकीत म्हाताऱ्याने धमकी सांगितली, बैठक सांगितली, मुलाचं नाव आपणच घेतलं हेही सांगितलं. त्याने सही केली तेव्हा सुनेने कागद धरून ठेवला. आणखी कोणी होतं का, पोलीसबाईने विचारलं.

"अख्खी आळी होती, बाई. आज सकाळपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो."

पोलीसबाईने दुसऱ्या साक्षीदारासाठी नवा कागद काढला. तो अजून कोरा आहे.