बोटांनी झिजलेला डोंगर

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझ्या डोक्यावर एका जागी टक्कल पडलं होतं, आणि आता त्या टकलावर टोप बसवलेला आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे फक्त अंध मुलांच्या शाळांसाठी गोल बनत. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धगोल चिकटवून मला आकार दिला. समुद्र गुळगुळीत ठेवले, वाळवंटांवर बारीक रेती बसवली. डोंगर मात्र एकच बाई करायची. खडूची पूड आणि सरस कालवून, थरावर थर देत ती एकेक शिखर उभं करी. बाई भलती खाष्ट. एखादा डोंगर जरा बुटका झाला की सगळ्यांना फैलावर घ्यायची. "उंच आहे ते हाताला उंच लागलंच पाहिजे," ती म्हणायची. "पोरं बोटांवर विश्वास ठेवणार आहेत. त्यांना फसवायचं का?" तिच्या हाताखाली मी एवढं शिकलो की माझी सगळी किंमत माझ्या खडबडीत अंगात आहे.

पण शाळेत जाणं माझ्या नशिबात नव्हतं. शाळेने मागणी रद्द केली आणि मला ताईंनी विकत घेतलं.

गिऱ्हाइकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांची कचेरी एका अरुंद इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खाली टायरचं दुकान, वर आम्ही, आणि मध्ये लाकडी कठड्याचा उभा जिना. त्या कचेरीत एकच धंदा चाले. ज्यांच्याकडे सगळं काही आहे अशा माणसांना बर्फावर घसरायला पाठवायचं. आल्प्समधली गावं, जपानमधले हलक्या बर्फाचे उतार, कॅनडातली जंगलं, आणि आपल्याकडे पावसाळा असला तर न्यूझीलंड किंवा अँडीज. ताई स्वतः या सगळ्या ठिकाणी घसरून आल्या होत्या. एकदा पाय मोडून घेतला होता, आणि ती गोष्ट त्या बक्षीस मिळाल्यासारखी सांगत.

ठिकाण निवडण्याची त्यांची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईक येणार असलं की त्या दार उघडं ठेवून जिन्याकडे कान लावून बसत. कोण धावत वर आलं, कोणी कठडा धरला, कोण मधल्या वळणावर थांबलं, सगळं त्यांना बसल्या जागी कळे. त्या वळणावर त्यांनी मुद्दाम एक चित्र टांगलं होतं. अगदी भिकार चित्र, एक होडी आणि दोन ढग. पण धाप लागलेल्या माणसाला चित्र बघण्याचं सोंग करून उभं राहता यावं, त्याची लाज राहावी, म्हणून ते तिथे होतं. जो माणूस ते चित्र सगळ्यात जास्त वेळ बघे, त्याला झेपेल तेच ठिकाण ताई सगळ्या कुटुंबासाठी निवडत. मग गिऱ्हाइकाचं बोट धरून माझ्या अंगावर टेकवत. "हात लावून बघा. इथे किती वर जायचंय, कळलं?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मित्रांनो, श्रीमंत माणूस सहल कशी निवडतो ते मी जवळून पाहिलं आहे. एकाला बर्फ हवा होता पण थंडी नको होती. एका बाईंना खोलीत शेकोटी, गच्चीत गरम पाण्याचं कुंड आणि बूट गरम करून देणारा माणूस हवा होता, घसरायला येतं का विचारल्यावर म्हणाल्या, "ते मुलं करतील." आणि बहुतेकांचा खरा प्रश्न एकच असे. शेजारी कुठे जाऊन आले? त्याच्यापेक्षा वर काय आहे?

वर एकच होतं. एका डोंगरावरचं सगळ्यात उंच, सगळ्यात थाटाचं गाव. त्या डोंगराचं नाव मी घेणार नाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष? जो येई तो त्या शिखरावर बोट ठेवी, बोट ठेवून फोटो काढी. जायचे थोडे, बोट ठेवायचे सगळे. वर्षानुवर्षं हेच चाललं. आणि ज्या डोंगराचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, तोच झिजत झिजत भुईसपाट झाला. आजूबाजूचे, ज्यांना कोणी विचारत नव्हतं, ते तसेच ताठ उभे राहिले.

ताईंच्या हे ध्यानात आलं होतं. पण तो कारखाना बंद पडला होता आणि दुसऱ्या कोणाच्या हातात मला द्यायला त्यांचं मन होईना. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बजावून ठेवलं होतं, "त्या जागेला कोणाला हात लावू देऊ नकोस. खोटं लागतं ते हाताला."

हा धाकटा नुकताच कचेरीत बसू लागला होता. गोड बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. गिऱ्हाईक जे म्हणेल त्याची री ओढायची, ही त्याची सगळी विद्या. बहिणीचं जिन्याला कान लावणं त्याला वेडेपणा वाटे. "ताई, आपण सहली विकतो की दवाखाना चालवतो?" तो विचारी.

अशात एक दिवस एक कुटुंब आलं. घरातला कर्ता मोठा बांधकाम कंत्राटदार. हातात थापी घेऊन गिलावा करण्यापासून वर आलेला माणूस. बरोबर त्याचे बाबा आणि त्याची मुलगी, म्हणजे बाबांची नात. बाबा पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नात धावत वर आली. कंत्राटदार फोनवर बोलत बोलत आला. बाबांची पावलं वळणावर थांबली आणि थांबूनच राहिली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

बाबा खुर्चीत टेकल्यावर ताईंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"बाबांना सगळं चालतं," कंत्राटदार म्हणाला. "एक नंबरचं ठिकाण द्या."

"मी त्यांना विचारलं."

बाबा ओशाळून हसले. "नातीला घसरताना बघायचंय, बस. ती खाली येईल तेव्हा मी क्लॅरिनेट वाजवणार आहे, तिला कबूल केलंय मी. एक बाकडं असलं म्हणजे झालं. आणि चढ नको हो. जिनाही नको."

"आजोबांना आता एका दमात पूर्ण गाणं नाही येत," नात म्हणाली. "मध्ये थांबतात. पण मी कोणाला सांगत नाही."

ताईंनी कंत्राटदाराचं बोट धरलं आणि एका ठेंगण्या डोंगरावर टेकवलं. समुद्राच्या जवळचं गाव, देवदारांमधून जाणारे सोपे उतार, लाकडी घरं आणि पायथ्याशी बसायला जागाच जागा. बाबांचा चेहरा खुलला. कंत्राटदाराचा पडला. "हे फारच बेताचं वाटतं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ताई परदेशी हॉटेलं पाहायला गेल्या आणि कंत्राटदार पुन्हा आला. एकटाच. बाबा खाली गाडीत बसले होते. "माझा भागीदार त्या वरच्या गावाला जाऊन आला," तो धाकट्याला म्हणाला. "मी त्याच्यापेक्षा खाली जाऊ? फक्त बाबांचं काय ते सांगा. फार उंच आहे का?"

मित्रांनो, धाकट्याला सगळं ठाऊक होतं. गावाची उंची त्याला तोंडपाठ होती. पण तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच हात लावून बघा ना."

कंत्राटदाराने बाही मागे सारली. "भिंतीला कुठे फुगवटा आहे ते मी डोळे मिटून सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच डोळे मिटले. त्याचं बोट त्या जागेवरून गेलं, पुन्हा आलं. मला ओरडायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त डोंगर होते, आणि तिथे तोही उरला नव्हता.

"सपाट तर आहे!" तो म्हणाला. "त्या ताईंनी उगाच खालचं ठिकाण सुचवलं."

"तुमचा हात सांगतो, तिथे मी काय बोलणार?" धाकटा हसला आणि त्याने खोल्या ठरवून टाकल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही, कानावर पडलेलं आहे. त्या उंच गावातल्या विरळ हवेत पोचल्यापासून बाबांना धाप लागली. सगळे म्हणाले, प्रवासाचा शीण असेल. मग वादळ आलं, खाली जाणारा रस्ता बंद झाला, आणि रस्ता उघडेपर्यंत बाबांचा श्वास थांबला होता.

फोन आला तेव्हा धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, याला आता पश्चात्ताप होईल. झाली ती फक्त घाई. तो बाजारातून पुट्टीचा डबा घेऊन आला, दार लावलं आणि माझ्या टकलावर डोंगर उभा करू लागला. त्या खाष्ट बाईने ज्याच्यासाठी थरावर थर दिले होते, ते याने एका दुपारी उरकलं. वर पांढरा रंग फासला. आता तो डोंगर सगळ्यांत उंच दिसू लागला.

ताई परत आल्या, आणि कंत्राटदारही आला. त्याला धाप लागत नव्हती, तरी तो वळणावर त्या होडीच्या चित्रापाशी थांबला. ताई दाराकडे बघत बसून राहिल्या.

"मला तो गोल बघायचाय," तो आत येऊन म्हणाला.

"बघा ना साहेब," धाकटा लगेच पुढे झाला. "एवढा उंच डोंगर समोर असताना तुम्हीच हट्ट धरलात. मी काय करणार?"

कंत्राटदाराने बोट फिरवलं. या वेळी डोळे उघडे होते. मग नखाने टोकरलं. नखाला पांढरा गोळा लागला.

"पुट्टी आहे," तो म्हणाला. "आतून अजून ओली. घासकामसुद्धा केलेलं नाही." धाकटा काहीतरी बोलू लागला तेव्हा त्याने हात वर केला. "मला नको शिकवूस. लोकांच्या घरातल्या भेगा मी हिनेच बुजवतो."

ताई उठल्या. त्यांनी नखावरचा तो गोळा पाहिला आणि भावाकडे पाहिलं. भावाने मान खाली घातली.

"ताई, बाबांनी सांगितलं होतं, चढ नको," कंत्राटदार म्हणाला. "तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"हो," ताई म्हणाल्या. "सांगितलं होतं."

"तिथे पोरगी उतारावरून खाली यायला निघाली, तेव्हा बाबांनी क्लॅरिनेट ओठाला लावली. आवाजच फुटला नाही. मी म्हटलं, थंडीने वाद्य आखडलं असेल. मी हसलो, ताई. हसून फोटो काढला." त्याने नखावरची पुट्टी बोटाने पुसली. "पोरीला कळलं होतं. ती रडत खाली आली. मला वाटलं, पडली असेल."

त्याचं सांत्वन कोणी केलं नाही. तो जिना उतरला, वळणापर्यंत पावलं गेली, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून ताई भावाशी बोलल्या नाहीत. वळणावरचं चित्र काढून त्या घरी घेऊन गेल्या आणि परत आल्या नाहीत. धाकट्याने सगळं खापर माझ्यावर फोडलं. "त्या जुन्या गोलामुळे गैरसमज झाला," असं तो चारचौघांत सांगतो, आणि चारचौघं मान डोलावतात. आता त्याची कचेरी नव्या इमारतीत आहे. तिथे लिफ्ट आहे. कोण कुठे थांबतं ते कोणालाच ऐकू येत नाही. धंदा जोरात चालला आहे.

मी मात्र जुन्या इमारतीच्या माळ्यावर पडून आहे. पुट्टी वाळून दगडासारखी झाली आहे. तो डोंगर आता हाताला अगदी बरोबर, उंच लागतो, आणि हात लावायला कोणी येत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी कागदाचा आहे, मला श्वास लागत नाही. पण घरात कधी सहलीची बोलणी निघाली आणि मोठी माणसं नकाशावर बोटं ठेवू लागली, की तुम्ही तिथून उठा. तुमच्या जिन्यात मध्येच थांबून कोणी उगाच भिंतीकडे बघत उभं असेल. आधी त्याला विचारा. आणि तो बोलू लागला, की त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला उत्तर देऊ देऊ नका.