गुरुवारचा फोन

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो, तुरुंगाच्या भिंतीवरचा. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली भावंडं कुणी दवाखान्यात लागली, कुणी हॉटेलात. माझ्या नशिबी हा व्हरांडा आला. सुरुवातीला मी नाक मुरडलं. पण इथल्याइतकी माझी वाट दुसरीकडे कुणी पाहिली नसती.

सोमवार पुरुषांचा, गुरुवार बायकांचा. प्रत्येकाला आठवड्यातून पाच मिनिटं. पुरुषांचे फोन बहुधा उचलले जातात. पलीकडे आई असते, बायको असते. पण त्यांना मन मोकळं करताच येत नाही. एक सुतार सात वर्षं बायकोला एकच सांगत आला, "मी मजेत आहे, तुमचं बघा." मग रिसीव्हर असा आदळायचा, की मला तडा गेला. आता तिथे चिकटपट्टी आहे. रडण्यापेक्षा चिडणं त्याला सोपं वाटत असावं.

बायकांचं उलट. त्यांच्याकडे बोलायला ढीगभर असतं आणि पलीकडे नुसती घंटा वाजत राहते. आत गेलेल्या मुलाची घरचे वाट बघतात. आत गेलेल्या सुनेचं नावही काढत नाहीत.

त्यांतलीच एक शिंपीण. ती आत आली तेव्हा तिची लेक चार वर्षांची होती. मावशीने तिला सांभाळलं. मावशीच फोन उचलून तिच्या कानाला लावायची. "दूध प्यायलीस का? फ्रॉक आखूड होतोय का?" लेक चौदाची झाली, फोन स्वतःच उचलू लागली, तरी आईचे प्रश्न तेच. आत येताना तिचं घड्याळच जणू बंद पडलं होतं.

"आई, मी दूध पीत नाही, किती वेळा सांगू?" एकदा लेक वैतागली. "तू दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेस."

त्यानंतर सहा गुरुवार फोन कुणी उचलला नाही. शिंपीण पाचही मिनिटं घंटा ऐकत उभी राहायची. तिचं जेवण सुटलं, झोप उडाली, असं पहारेकरीण सांगत होती. रांगेतल्या बाया म्हणायच्या, "अगं, लेकरू आहे. जाईल रुसवा." ती मात्र नवे प्रश्न पाठ करायची: मैत्रीण कोण आहे, शाळेत काय आवडतं, माझा राग येतो का.

सातव्या गुरुवारी घंटा बराच वेळ वाजली आणि थांबली.

"हॅलो, कोण?" आवाज लेकीचा होता.

पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे पळालं. हजेरीला, जेवणाच्या रांगेत, औषधाच्या खिडकीवर, दहा वर्षं या प्रश्नाला तिने एकच उत्तर दिलं होतं. ती ताठ उभी राहिली.

"बावीसशे चौदा, हजर."

आपण काय बोललो ते कळलं तसा तिचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, आता लेकीने फोन ठेवलाच.

"आई," लेक रडत म्हणाली, "तुझं नाव सांग ना."

शिंपिणीने तोंड उघडलं. नाव चटकन येईना. लेक हुंदके देत थांबली. अखेर ते ओठांवर आलं, पण पाच मिनिटं सरली होती आणि नियमाप्रमाणे मी लाइन तोडली होती. ते नाव फक्त मी ऐकलं. मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, उद्या मी मोडीत निघेन, त्याचं काही नाही. पण तुमचं कुणी असं आत असेल, तर फोन उचला. रागावला असाल, तरी उचला. आणि आधी तुम्हीच त्यांना नावाने हाक मारा.