पाणी नेणारी बाई

"वैनी, पानी आन गं!"

लिंबाखालून आलेली ती हाक मी ऐकली, तेव्हा माझे रंग अजून ओले होते.

मित्रांनो, मी एक जुनं तैलचित्र आहे. निजामाच्या राज्यात, पाटोद्याजवळच्या एका रानात, चैत्रातल्या दुपारी माझा जन्म झाला. गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता, म्हणून माणसं घरं सोडून रानात खोपी घालून राहिली होती. फिरतीवर आलेल्या गोऱ्या साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसलं पिवळं रान, फुललेला पळस आणि गोजिरवाण्या खोपी. त्यानं माझं कापड तिवईवर लावलं. त्याचा शिपाई ओरडला, "कोई हिलना नक्को! साब का हुकुम है!"

हुकूम तो हुकूम. सगळे होते तिथे थिजले. तुळजाबाईही थिजली. तिच्या कमरेवर भरली घागर होती, आणि लिंबाखाली वेगळी ठेवलेली तिची आजारी नणंद, रतन, पाणी मागत होती. तुळजाबाईचा नवरा शहादेव वैरणीला गेलेला. हाक बारीक होत गेली. साहेब रंगवत राहिला. ऊन कललं तेव्हा कुठे शिपाई म्हणाला, "जाव अब." तोवर लिंबाखाली सगळं शांत झालं होतं.

सांजेला शहादेवानं विचारलं, "पानी पाजलं व्हतं का तिला?" तुळजाबाईनं नुसती होकाराची मान हलवली. बाकीच्यांनीही खरं सांगितलं नाही. तेही उभेच होते ना!

आणि साहेबानं काय केलं? उभ्या बाईत जीव दिसेना, म्हणून तिचं एक पाऊल उचललेलं काढलं. लिंबाकडे निघालेलं. ते अजून खाली टेकलेलं नाही.

मला पाटोद्याच्या कचेरीत टांगलं. पाहणारे आधी वाखाणायचे, मग विसरले. मला कोळिष्टकं लागली, रंग तडकले, आणि उन्हाळा आला की त्या फटींतून हाक येऊ लागली. बाजाराच्या दिवशी शहादेव मात्र न चुकता यायचा. पटक्यानं माझी धूळ पुसून लोकांना सांगायचा, "ही आमची मालकीण. समदे तापाला भ्याले, पर ही गेली. माजी भन तान्हेली गेली न्हाई." मागे उभी तुळजाबाई पदर कानांवर ओढून घ्यायची. हाक तिलाही ऐकू येत असावी.

मित्रांनो, आम्हा जुन्या चित्रांना जपा, ऊन-पाण्यापासून सांभाळा. पण आमच्यातल्या माणसांनाही कधी विचारा, खरं काय घडलं ते. आम्हांला तोंड नसतं.

एकदा शहादेव नव्या सुनेला घेऊन आला. "रुक्मिणे, सासूच्या पाया पड. असं काळीज पायजे."

सून वाकली. तुळजाबाईनं तिचे खांदे धरले. "नगं, पोरी."

"कावून गं?" शहादेव हसला. "म्हातारपनी लाजतीस व्हय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आवं, शिपाई हलू नका म्हनला अन् म्या हलले न्हाई. रतन हाका मारीत व्हती. घागर भरल्याली व्हती. तुमच्या भनीला म्या पानी दिलं न्हाई."